पादरा गावच्या शेताखाली गॅस साठवला तर?

प्रश्न असा आला आहे: "काका, माझ्या सासऱ्यांची शेती बडोद्याजवळच्या पादरा गावापाशी आहे. बांधाला लागून तेल कंपनीची एक जुनी, बंद केलेली विहीर आहे. वर सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर लोखंडी पट्टी. गावात बोलणं चाललंय की संपलेल्या तेल-गॅस क्षेत्रांत आता बाहेरून आणलेला गॅस भरून ठेवणार. म्हणजे आमच्या शेताखाली पोकळी आहे का? त्यात गॅस भरला तर फुटणार नाही का? आणि एवढी सोय असेल तर आपल्याकडे आजवर केलं का नाही?"

ताई, पोकळी नाही. हे आधी मनातून काढून टाका, कारण निम्मी भीती त्या एका शब्दातून येते.

माझ्या टेबलावर वाळूच्या खडकाचा एक तुकडा असतो. दीड इंच व्यासाचा, जेमतेम अंगठ्याएवढा लांब. ड्रिलिंग करताना खालून खडकाचा जो दांडा काढतात त्याला आम्ही कोअर म्हणतो, त्यातून कापलेला. हातात घेतला तर निव्वळ दगड. फरशीवर पडला तर टवका फरशीचा जाईल. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणी आलं आणि हा विषय निघाला, की मी चमच्याने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडतो. थेंब क्षणभर भिंगासारखा उभा राहतो, मग कडा सैल होतात आणि बघता बघता तो आत जातो. वर नुसता ओला ठिपका राहतो. एकदा नातवाने पाण्याऐवजी चहा सोडला, त्याचा डाग अजून आहे.

गॅस राहतो तो अशा दगडात. माठाच्या भिंतीत पाणी मुरतं तसा, वाळूच्या कणांमधल्या फटींत. चांगल्या वाळूच्या खडकात अशा फटी एकूण आकारमानाच्या वीसेक टक्के असतात. त्यातल्याही सगळ्या गॅसला मिळत नाहीत, कणांना चिकटलेलं जुनं पाणी त्यातली तीस टक्के जागा अडवून बसलेलं असतं. म्हणजे एक घनमीटर खडकात गॅससाठी उरली ०.१४ घनमीटर जागा. ऐकायला किरकोळ वाटते. पण किलोमीटरभर खोल दाब हवेच्या दाबाच्या साधारण शंभर पट असतो. आपल्या खंभात खोऱ्यात (म्हणजे गुजरातच्या या पट्ट्याखालच्या, गाळाच्या थरांनी भरलेल्या खोलगट भागात) खाली उष्णताही बरीच, ६५ अंश धरू. ते सगळं हिशेबात घेतलं तर त्या जागेत जमिनीवर मोजलेला ९०-९५ पट गॅस बसतो. गुणाकार करा: एका घनमीटर दगडात सुमारे १३ घनमीटर गॅस. तुमच्या घरी पाइपने येणाऱ्या गॅसचं बिल काढून बघा. चार माणसांचं कुटुंब महिन्याला साधारण तेवढाच जाळतं. घरातल्या कपाटाएवढा दगड, आणि त्यात महिन्याभराचा स्वयंपाक.

लोकांचा गोंधळ होतो तो कच्च्या तेलाच्या साठ्यांमुळे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे सरकारने कठीण कातळात खरोखरीची भुयारं खोदली आहेत, तिन्ही मिळून ५३ लाख टनांवर तेल मावतं. ती पोकळीच. नैसर्गिक गॅससाठीही काही देशांत मिठाच्या थरात पाणी सोडून, मीठ विरघळवून गुहा करतात. पण जगात जमिनीखाली जितका गॅस साठवला जातो त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त संपलेल्या क्षेत्रांच्या दगडातच आहे. आणि हे काही नवं खूळ नव्हे. १९१५ साली कॅनडातल्या ओंटारिओत एका ओसरलेल्या गॅस क्षेत्रात परत गॅस ढकलून पाहिला, तो पुढच्या हंगामात निघाला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत बफेलोजवळ झोअर इथे तेच केलं, आणि झोअरचा साठा शंभर वर्षं उलटल्यावरही वापरात आहे.

आता फुटण्याचं. वाळूच्या खडकावर चिकणमातीच्या दगडाचा, म्हणजे शेलचा, जाड थर असतो. त्याच्याही फटी असतात, पण इतक्या बारीक की त्यात भरलेलं पाणी गॅसला हटवता येत नाही. ओल्या कापडातून हवा फुंकून बघा, तसं काहीसं. गॅस खालून दाबतो, पाणी जागा सोडत नाही. हा दाब एका मर्यादेच्या आत असेल तोवर झाकण झाकणच राहतं. ती मर्यादा कुठली? कागदावर बरीच गणितं आहेत, पण मूळ नियम साधा: पहिली विहीर पाडली त्या दिवशी खडकात जो दाब होता, त्याच्या आत राहा. तेवढा दाब त्या झाकणाने लाखो वर्षं पेलून दाखवलेला असतो. काही देशांत त्याच्याही वर जातात, अभ्यास करून, परवानगी घेऊन. मी गेलो नसतो.

तुमच्या गावातल्या बोलण्याबद्दल मात्र थोडं. पादऱ्याचं क्षेत्र आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे ते वेगळ्या कारणाने. तिथे तेल मिळालं ते वाळूत नव्हे, दख्खनच्या काळ्या कातळात. हो, तोच. सह्याद्रीचे कडे ज्याचे, रायगड ज्यावर उभा, तोच लाव्हाचा दगड खंभात खोऱ्याच्या तळाला अंथरलेला आहे, आणि पादऱ्याखाली त्याच्या भेगांत तेल साचलं. महाराष्ट्रातून बडोद्यात फक्त आपणच आलो असं समजायचं कारण नाही! पण भेगांचा दगड साठवणुकीला मी निवडणार नाही. वाळूत गॅस कुठवर पसरेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. भेगांत तो एका बाजूला धावतो आणि दुसरीकडे ढिम्म हलत नाही. असे साठे जगात नाहीतच असं नाही, पण हातात वाळूची क्षेत्रं असताना भेगांच्या वाटेला कोण जाईल? तेव्हा तुमच्या बांधाखाली उद्या कुणी गॅस भरायला येईल असं मला वाटत नाही. प्रश्न तरी योग्य आहे, कारण भरूच, खंभात, मेहसाणा पट्ट्यात वाळूची क्षेत्रं आहेत आणि तिथेही कुणाची तरी शेती आहेच.

साठवणुकीचं खरं अर्थकारण समजायला आजवा तलाव आठवा. सयाजीरावांच्या काळापासून तो बडोद्याला पाणी पाजतो. पेपरात पातळी छापून येते, तेव्हा 'मृत साठा' हा शब्दही येतो. तळाचं जे पाणी दरवाजातून निघतच नाही, ते. ते नसेल तर वरचंही पाणी मिळणार नाही. गॅसच्या साठ्यात अगदी हेच असतं, त्याला कुशन गॅस म्हणतात. तो कायमचा आत ठेवायचा, कारण त्याच्याच दाबाने वरचा, दरवर्षी आत-बाहेर करायचा गॅस विहिरीतून वर येतो. संपलेल्या क्षेत्रात एकूण गॅसपैकी जवळपास निम्मा असा अडकून पडतो. मिठाच्या गुहेत वीस-तीस टक्क्यांत भागतं. निव्वळ पाण्याच्या थरात साठवायला गेलात तर ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो.

समजा आपल्याला १ अब्ज घनमीटर गॅस काढता-भरता यावा असा साठा करायचा आहे. आत हवा २ अब्ज. वरच्या हिशेबाने १५ मीटर जाडीचा वाळूचा थर, सव्वातीन किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद. म्हणजे मोठं काही नाही. पण तो अडकून पडणारा १ अब्ज घनमीटर विकत घ्यायचा तर? आमच्या बाजारात गॅस उष्णतेच्या एककात, एमएमबीटीयूमध्ये विकतात, आणि १ अब्ज घनमीटर म्हणजे सुमारे ३.६ कोटी एककं. एककाला १० डॉलर धरले तर ३६ कोटी डॉलर, आजच्या रुपयात तीन हजार कोटींच्या घरात. विहिरी, कंप्रेसर, पाइपलाइन याच्या आधी एवढे पैसे जमिनीत पुरायचे आणि त्यावर व्याज भरत बसायचं.

म्हणूनच माझं एक मत आहे, जे मी नोकरीत असताना मीटिंगांतही मांडत आलो आणि बहुतेक वेळा चहा येईपर्यंतच ऐकलं गेलं. साठवणुकीला संपलेलं क्षेत्र नको, संपत आलेलं हवं. शेवटचा थेंब पिळून काढला, विहिरी सिमेंटने बंद केल्या, यंत्रं भंगारात काढली, आणि मग दहा वर्षांनी कुणी म्हणालं की इथे साठा करू, तर तुम्ही स्वतःच फुकटचा कुशन गॅस आधी विकून टाकलेला असतो आणि आता तोच आयात भावाने परत घालायचा. शिवाय बऱ्याच क्षेत्रांत गॅस निघाला की मागून पाणी चढतं आणि मोकळी झालेली जागा बळकावतं. ते परत खाली ढकलताना दाब खर्ची पडतो, वेळ जातो, गॅसचे कप्पे पाण्यामागे अडकतात. उत्पादन निम्म्याहून खाली आलं, की त्याच वेळी ठरवायला हवं: हे क्षेत्र पिळायचं की राखायचं.

चालवायचं काम कसं असतं तेही थोडं सांगतो, कारण तुमच्या सुरक्षिततेचा संबंध तिथेच येतो. मागणी कमी असते त्या महिन्यांत पाइपलाइनमधला गॅस कंप्रेसरने दाबून आत भरायचा, मागणी वाढली की काढायचा. भरताना शेवटी शेवटी कठीण जातं, सायकलच्या ट्यूबमध्ये पंप मारताना जातं तसंच. काढताना उलटं: भरलेला साठा जोरात देतो, निम्मा झाला की धार बारीक होते. हिवाळ्याच्या शेवटी, जेव्हा सगळ्यांना हवा असतो, तेव्हाच साठा कमी वेगाने देतो, आणि हे न समजलेले लोक टक्केवारी बघून निर्धास्त राहतात. वर आलेला गॅस ओला असतो. दाब एकदम उतरला की तो इतका थंड होतो की पाणी आणि गॅस मिळून बर्फासारखा गोळा होतो आणि पाइप तुंबतो. त्यासाठी मिथेनॉल सोडायचं, मग ग्लायकॉलने वाळवायचा, मग पाइपलाइनला द्यायचा. हे सगळं जमिनीवरचं आहे, डोळ्यांसमोर आहे, दुरुस्त होतं.

खालचा हिशेब एका सरळ रेषेने ठेवतात. आत किती गॅस आहे ते आडव्या अक्षावर, दाब (गॅसच्या वागणुकीची एक दुरुस्ती करून) उभ्या अक्षावर. बंद डबा असेल तर बिंदू एका रेषेवर पडतात. वर्षातून दोनदा, साठा पुरता भरल्यावर आणि पुरता उतरल्यावर, सगळ्या विहिरी काही दिवस बंद ठेवून दाब स्थिरावू द्यायचा आणि बिंदू मांडायचा. पुस्तकात शंभर गॅस आहे आणि दाब सत्त्याण्णवचाच सांगतोय, तर तीन कुठे गेला? कधी मीटर चुकलेला असतो, कधी गॅस दूरच्या कोपऱ्यात पसरलेला असतो. आणि कधी खरोखर गळत असतो.

गळत असेल तर कुठून? माझ्या अनुभवात उत्तर जवळजवळ नेहमी एकच: विहिरीतून. खडक सहसा धोका देत नाही. धोका देतं ते आपण त्यात पाडलेल्या भोकांचं पोलाद आणि सिमेंट.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यनचं. जुनं तेलक्षेत्र, १९७३ पासून गॅस साठा. एसएस-२५ नावाची विहीर १९५३ सालची, म्हणजे तेलासाठी खोदलेली. खोदणाऱ्यांनी ती गॅसच्या दाबाचा विचार करून बांधलेली नव्हती. गॅस आतल्या नळीतूनही यायचा आणि नळी व बाहेरचा केसिंग पाइप यांच्यामधूनही. म्हणजे पूर्ण दाब थेट केसिंगवर, मध्ये दुसरा अडसर नाही. तळाशी असलेला सुरक्षा व्हॉल्व्ह १९७९ मध्येच काढून टाकलेला. जमिनीखाली पावणेतीनशे मीटरच्या आसपास केसिंग बाहेरून गंजत गेला आणि २३ ऑक्टोबर २०१५ ला गळती लक्षात आली. वरून चिखल आणि द्रव ओतून ती दाबायचे प्रयत्न फसत गेले. शेवटी बाजूने दुसरी विहीर खोदून तळाशी गाठली, तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. तोवर सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला होता आणि आठ हजारांवर कुटुंबांना घरं सोडून राहावं लागलं होतं. खडकाचं झाकण मात्र जसंच्या तसं होतं.

माझा स्वतःचा अनुभव याच्यापुढे मुंगीएवढा, पण मी त्यातूनच शिकलो. युरोपातल्या ज्या साठ्यावर मी अडीच वर्षं होतो तिथे दर आठवड्याला प्रत्येक विहिरीच्या ॲन्युलसचा, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पाइपांमधल्या फटीचा, दाब वहीत लिहायचा असे. एका जुन्या विहिरीच्या रकान्यात सलग शून्य. शून्य म्हणजे उत्तम, आत काही झिरपत नाही. आठवड्यामागून आठवडे तेच शून्य, खाली सही. नऊ ठिकाणी माझी. निवृत्तीला आलेला एक फिटर होता, वही चाळताना तो त्या रकान्यावर थांबला. म्हणाला, उन्हात पाइप तापतो, रात्री निवतो, काटा थोडा तरी हलायला हवा. हा अजिबात हलत नाही, म्हणजे हा मेलेला आहे. पाना घेऊन आम्ही गेलो. गेजखालचा बारीक व्हॉल्व्ह गंज आणि वाळलेल्या ग्रीसने दगड झाला होता. तो बदलून नवा गेज लावला, आणि काटा माझ्यासमोर उचलून ११ बारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास अकरा पटीवर, जाऊन थांबला. गॅस सोडून दाब उतरवला, दोन दिवसांत परत चढला. आतल्या नळीचा एक जोड आट्यांमधून झिरपत होता. विहीर बंद करून नळी उपसली, जोड बदलले, बाहेर काहीही गळलं नव्हतं. पण त्या वहीतली नऊ शून्यं मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हा कुणी साठा करायला तुमच्या भागात आलंच, तर भूगर्भाच्या रंगीत नकाशांत फार अडकू नका. त्यांना विचारा: या क्षेत्रात आजवर एकूण किती विहिरी पाडल्या? प्रत्येक कुठे आहे, कोणत्या साली बंद केली, आत सिमेंट किती मीटर आणि कुठे? वापरातल्या विहिरींत गॅस फक्त आतल्या नळीतून जाणार ना, की केसिंगलाही लागणार? केसिंगची जाडी मोजणारा लॉग, म्हणजे विहिरीत यंत्र सोडून केलेली नोंद, किती वर्षांनी घेणार? ज्याच्याकडे जुन्या विहिरींची पूर्ण यादी नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

भूकंपाचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. स्पेनमध्ये कास्टोर नावाचा प्रकल्प समुद्राखालच्या जुन्या तेलक्षेत्रात केला. सप्टेंबर २०१३ मध्ये कुशन गॅस भरायला घेतला आणि धक्के सुरू झाले, शेकड्यांनी, मोठे ४ रिश्टरच्या वरचे. प्रकल्प तिथेच थांबला तो थांबलाच. जवळ प्रस्तर-भंगाची, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्याची, मोठी रेषा आणि भरण्याची घाई. हा दोष खडकाकडे नीट न बघण्याचा, हे मान्य. मी वर 'सहसा' म्हटलं ते याचसाठी. जिथे जुना दाब ओलांडला जात नाही आणि जवळ ताणलेला भंग नाही, तिथे जमीन साठा भरताना काही मिलिमीटर फुगते आणि उतरताना बसते. उपग्रहाला कळतं, पिकाला कळत नाही.

आता आपल्याकडे का नाही. पहिलं कारण म्हणजे आपल्याला हिवाळा नाही. युरोपात जानेवारीत घरं गरम करायला जुलैच्या कित्येक पट गॅस लागतो, म्हणून उन्हाळ्यात भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. जर्मनीतल्या रेडेनच्या एकट्या साठ्यात ४ अब्ज घनमीटरच्या आसपास मावतो, युक्रेनच्या सगळ्या साठ्यांत मिळून ३१ अब्ज. आपला गॅस खतांना, शहरांना, रिफायनऱ्यांना जातो, तो बारा महिने जवळपास सारखाच. बडोद्याची थंडी म्हणजे स्वेटर काढायचा की नाही एवढाच वाद. हंगामी फरक नसेल तर भरून ठेवण्याचे पैसे कुणाच्या बिलात घालणार?

दुसरं, आपल्याकडे गॅसच कमी. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल-गॅस लागला तेव्हापासून जो निघाला तो लगेच जाळायला गिऱ्हाईक उभंच होतं. बडोद्यात तर पालिकेने सत्तरच्या दशकापासून घरोघरी पाइपने दिला. पुण्या-मुंबईचे आपले नातेवाईक सिलिंडरच्या नंबराची वाट बघत असताना रावपुऱ्यात नळ फिरवला की शेगडी पेटत होती, हे आमच्या आईला फार अभिमानाने सांगायला आवडे. राखून ठेवायला उरतच नव्हता.

तिसरं कारण क्षेत्रांचं: आपली बरीचशी लहान, थरांवर थर असलेली आणि तेलाची. अशक्य नाही, पण एका मोठ्या स्वच्छ गॅस क्षेत्राइतकं सोपंही नाही.

पण हे चित्र बदललं आहे, आणि म्हणून हा विषय परत निघतो. आज देश वर्षाला साधारण ७० अब्ज घनमीटर गॅस वापरतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास जहाजाने येतो, द्रवरूपात, दहेज-हझिरासारख्या टर्मिनलांवर. तिथे टाक्या आहेतच की, असं म्हणाल. १ लाख ६० हजार घनमीटरची एक अवाढव्य टाकी घ्या. द्रवाचा गॅस होताना सहाशे पट होतो, म्हणजे ९.६ कोटी घनमीटर. देशाचा रोजचा वापर १९ कोटींच्या आसपास. एक टाकी म्हणजे अर्धा दिवस, आणि तोही उकळत, रोज थोडा थोडा उडत. वर सांगितलेला १ अब्जाचा साठा मात्र सगळ्या देशाला पाच दिवस पुरतो. सगळा देश एकदम बंद पडत नसतो. नुसत्या खत कारखान्यांना आणि शहरांना दिला तर तो कितीतरी जास्त पुरेल. त्या गॅसला उडूनही जायचं नसतं.

भावाचंही तेच. आशियातल्या द्रवरूप गॅसचा तात्कालिक भाव २०२० च्या उन्हाळ्यात एककाला २ डॉलरच्या खाली होता. २०२२ मध्ये तोच ७० च्या वर जाऊन आला. ज्याच्याकडे साठवायची जागा असती त्याने स्वस्तात भरला असता. ब्रिटनने समुद्राखालचा आपला रफ नावाचा सगळ्यात मोठा साठा २०१७ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये धावपळ करून अंशतः उघडला. युरोपीय संघाने त्याच वर्षी कायदाच केला, की १ नोव्हेंबरपर्यंत साठे ८० टक्के भरलेले हवेत. बाजारावर सोडलं तर संकटासाठीचा साठा सहसा कुणी करत नाही, कारण दहा वर्षांतून नऊ वर्षं तो तोट्यातच दिसतो. पुराच्या पाण्यासाठी बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पात्र मोकळं ठेवण्यासारखं आहे ते. कोरड्या वर्षात ती जागा वाया गेल्यासारखी वाटते, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात काय झालं ते तुम्हीही पाहिलंत.

माझ्या मते पश्चिम किनाऱ्याच्या टर्मिनलांपासून आणि मुख्य पाइपलाइनपासून जवळचं, स्वच्छ वाळूचं, अजून श्वास चालू असलेलं एखादं क्षेत्र धरून सुरुवात करावी. लहान करा, पण तीन-चार वर्षं भरून-काढून बघा. आणि खर्च सरळ सरकारी तिजोरीतून, कच्च्या तेलाच्या साठ्यांसारखा, कारण संकटाचा विमा एखाद्या कंपनीच्या नफ्या-तोट्यात बसत नाही.

राहिला तुमच्या बांधावरचा ठोकळा. साठा होवो न होवो, तो तिथे आहेच, म्हणून त्याचं नीट सांगतो. विहीर कायमची बंद करताना आत वेगवेगळ्या खोलींवर सिमेंटचे बूच घालतात, वरचा पाइप कापतात आणि तोंडावर खुणेची पट्टी लावतात. त्या पट्टीवर विहिरीचा क्रमांक असतो. तारेच्या ब्रशने घासून तो वाचा, फोटो काढा आणि जमिनीच्या कागदांत ठेवून द्या. उद्या जमीन विकाल किंवा वाटणी होईल तेव्हा तो माहीत असलेलं कुणी नसतं. ठोकळा फोडू नका. लोखंडासाठी लोक फोडतात. त्यावर पंपाची खोली, गोठा असं काही बांधू नका. बंद खोलीत झिरपलेला गॅस साचतो. पाण्याची बोअर त्याच्यापासून दूर घ्या.

आणि वासावर विसंबू नका. शेगडीच्या गॅसला जो घाण वास येतो तो शहरात पुरवठा करताना मुद्दाम घातलेला असतो, जमिनीतून येणाऱ्या गॅसला बहुधा वासच नसतो. काडी लावून बघायचा शहाणपणा तर कुणालाच करू देऊ नका, सासऱ्यांनाही नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात ठोकळ्याभोवती पाणी साचलं की दहा मिनिटं उभं राहून बघा. चिखलातले बुडबुडे पाय मारला की येतात आणि संपतात. एकाच जागेवरून, सारख्या लयीत, तासाभरानेही येत असतील तर ते वेगळं. किंवा भोवतालचं पीक चांगलं आणि ठोकळ्याच्या कडेने गोल चकतीत पिवळं पडत असेल तर. असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, पट्टीवरचा क्रमांक लिहून कंपनीच्या बडोद्याच्या कार्यालयात अर्ज द्या, एक प्रत तलाठ्याकडे, आणि दोन्हींवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.